लेव्हल पाइपाची दोन टोकं

माकणीच्या धरणाचं पाणी आमच्या माळावरून दिसतं, पण चढून वर येत नाही. त्यामुळं माझा आणि धाकट्या भावाचा सगळा जीव एका सामाईक विहिरीवर. पाणी कमी, म्हणून मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात त्याच्या पाळीत मी मोटार चालवली. चूक माझीच होती, पण कबूल करीन तर तो मी कसला! तेव्हापासून नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. माझी पाळी संपायच्या आधीच तो बांधावर येऊन उभा राहायचा, घड्याळाकडं बघत.

मग गावानं श्रमदानातून माळावर चर खोदायचं ठरवलं. पावसाचं पाणी जागीच मुरावं म्हणून चर उताराला आडवा आणि अगदी सपाट हवा. आमचा चर दोघांच्याही रानातून जाणार होता. म्हणून आखणीच्या वेळी पाणी भरलेल्या लेव्हल पाइपाचं एक टोक माझ्या हाती आलं, दुसरं भावाच्या. दोन्ही टोकांचं पाणी एका उंचीवर आलं की खूण करायची. त्यासाठी ‘जरा वर’, ‘जरा खाली’ एवढं तरी बोलावं लागतं. आम्ही तेवढंही बोललो नाही. दोघांनी अंदाजानं खुणेची चुन्याची फक्की टाकली.

चर तिरका झाला. पहिल्याच मोठ्या पावसात सगळं पाणी एका टोकाला धावलं, चर फुटला आणि खालच्या शेतातल्या म्हातारीची तूर वाहून गेली. तिनं आम्हा दोघांना गावासमोर उभं केलं.

"तुमच्या अबोल्यात माजी तूर गेली की रं! तोंडं हायती का न्हायती तुमाला?"

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पाइप धरला.

"जरा वर घे," मी म्हणालो.

"आलं बगा, दादा," तो म्हणाला. दिवसभर आम्ही एवढंच बोललो आणि मला ते पुरलं.

चर टिकला. आता मे महिन्यातही विहिरीत भरपूर पाणी असतं. पाळ्या मोडल्या, भांडण मिटलं. म्हातारीही खूश आहे. मीच तेवढा विचित्र माणूस, मला ती जुनी पाळी आठवते. बायको गेली, मुलं पुण्याला. पाळ्या होत्या तेव्हा निदान रोज कुणीतरी माझ्यासाठी बांधावर येऊन उभं राहायचं, भले रागानं का असेना.

परवा दुपारी मी विहिरीच्या काठावर बराच वेळ बसून राहिलो. शेवटी भाऊ आला.

"दादा, पानी लई हाय की आता. उनात बसलाव कशाला?"

तुझी वाट बघत, असं म्हणायला हवं होतं.

"उगंच," मी म्हणालो.

त्यानं मोटार चालू केली आणि तो घराकडं निघून गेला.