अजमलनं लावलेली कडी

आमच्या शेजारचा अजमल टीव्ही दुरुस्त करायचा. त्याच्याकडे गेलेला टीव्ही लवकर परत येत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. कारण हा मधल्या वेळात सुटे भाग जुळवून स्वतःचा कॉम्प्युटर करत बसायचा. त्यावर मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतलं लिनक्स घातलं आणि मला सांगायला आला, "बाई, आता घरातच वेबसाइट!"

"आधी माझा टीव्ही दे," मी म्हटलं.

ही १९९९ची गोष्ट. त्याची बहीण नूरीन शारजात होती. दिवस गेलेले, डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. तिला आईला बघायचं होतं. आई, म्हणजे नूरजहांभाभी, जन्मात फोटोला बसल्या नव्हत्या. लेकीसाठी बसल्या, पण अट घालून. "फोटो घराबाहेर जायचा न्हाई. तिनं हितं यिऊन बघावा. दुसऱ्या कुणी न्हाई."

अजमलनं अट पाळली. फोटो घरच्या मशीनवर ठेवला, म्हणजे नूरीन इंटरनेटवरून तिथंच येऊन बघेल, आणि मशीनच्या दारावर फायरवॉलचा पहारा बसवला. नूरीनच्या नवऱ्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तेवढा आत, बाकी सगळे बाहेर.

त्याचा फोन इंटरनेटला जुंपलेला, म्हणून नूरीनचा फोन माझ्याकडे. मशीनचा त्या दिवशीचा पत्ता, म्हणजे नुसते आकडे, मी तिला वाचून दाखवले आणि खिडकीतून ओरडले, "दिसत नाही म्हणते!"

"हितं तर दिसतंय!"

"तू घरातलाच आहेस, गाढवा!"

नूरीन रडकुंडीला आली. "बाई, ऑफिस बंद होतंय. उद्यापासून मी दवाखान्यात."

रिसीव्हर तसाच ठेवून मी त्याच्या घरी गेले. "पहाऱ्याला काय लिहून दिलंयस ते मराठीत वाच."

"पहिली ओळ, कुणालाच आत घेऊ नको. दुसरी, नूरीनला घे."

"मशीन वाचतं कुठून?"

"वरनं. ओळ लागू झाली की तितंच थांबतं..." बोलता बोलता त्यानं कपाळाला हात लावला.

"असं कुणी लिहितं का रे?"

"अम्मीची रीत, बाई. आधी कडी, मग कोण हाय ते इचारायचं."

भाभी उसळल्या. "व्हय, पण लेकीचा आवाज आल्यावर मी कडी काढतीच की रं!"

त्यानं ओळी खालीवर केल्या. मी धावत फोनशी आले. "आता बघ," मी म्हटलं.

"बाई," नूरीन हळूच म्हणाली, "अम्मीनं माझी ओढणी घेतलीय."

मी खिडकीतून तसंच सांगितलं. भाभींनी डोळे पुसले.

"बघून झालं न्हवं? करू बंद?" अजमलनं विचारलं.

"थांब रं," भाभी म्हणाल्या. "बघू दे तिला."