पंधराव्या खड्ड्यावर उचललेला चेंडू

गोल्फ हा खेळ मी आयुष्यात एकदाच पुरता खेळलो. त्या एका डावात मी नवापूरच्या किनाऱ्याची जेवढी माती उकरली, तेवढी पुढे रस्ता रुंद करायला आलेल्या यंत्रांनाही उकरता आली नाही. यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण पुढे जे सांगणार आहे त्यात तेवढीही नाही, म्हणून सुरुवातीलाच माझा कोटा वापरून घेतो.

बोईसरला कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं बनवणारा आमचा कारखाना. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास तिथे नवे मोठे साहेब आले. आधी ते चहाच्या मळ्यावर होते. मळ्यावर म्हणे संध्याकाळी साहेब आणि बिबटे यांच्याशिवाय कोणी बाहेर पडत नसे, त्यामुळे साहेब लोक गोल्फ खेळत. बिबटे काय करत ते त्यांनी सांगितलं नाही. आल्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांना नवापूरच्या रस्त्यापासून समुद्रापर्यंत पसरलेलं गुरचरणाचं माळरान दिसलं आणि माणसाला हरवलेला भाऊ सापडावा तसे ते गहिवरले. पंचायतीला विचारून तिथे त्यांनी नऊ खड्डे खणून घेतले, खड्ड्यांत तुपाचे रिकामे डबे बसवले, बाजूला बांबूला लाल चिंध्या बांधल्या. खड्ड्याभोवती मऊ गवत हवं असतं. ते आमच्या म्हशींनी शिल्लक ठेवलं नव्हतं, म्हणून वाळूत जळकं तेल कालवून काळे चौथरे केले. नऊ खड्डे दोनदा खेळले की अठरा, म्हणजे एक पूर्ण डाव.

मी या भानगडीत पडलो नसतो. पण त्याच वर्षी कारखान्यात नवा प्लँट उभा राहिला आणि त्याला इन्चार्ज हवा होता. नावं दोनच होती, माझं आणि माझ्या मित्राचं. दोघंही शिफ्ट सुपरवायझर, एकाच आठवड्यात कामाला लागलेले. तो पालघरचा, मी नवापूरचा. बारा वर्षं तो दर रविवारी आमच्याकडे जेवायला. मला वाढवलं माझ्या मावशीने, आणि तिने एकट्या त्याच्यासाठी जेवढे बोंबील सुकवले ते टोकाला टोक लावून ठेवले असते तर डहाणू ओलांडून गुजरातेत गेले असते. तोही तिला मावशीच म्हणायचा.

इन्चार्जला पाळी नसते. सकाळी जायचं, संध्याकाळी परत यायचं, माणसांसारखं. बारा वर्षं दर आठवड्याला पाळी बदलून माझी अवस्था अशी झाली होती की माझी मुलगी मला बघून आईला विचारायची, हे आज राहणार आहेत का. मला ती खुर्ची हवी होती. देवाला नवस बोलावा इतकी हवी होती, आणि बोललोही होतो.

साहेबांनी दोघांना बोलावून सांगितलं की पंधरवड्यानंतरच्या रविवारी माझ्याबरोबर खेळा. माणूस कोणी बघत नसताना कसा खेळतो त्यावरून त्याच्या हाती प्लँट द्यावा की नाही ते कळतं, असं त्यांचं मत. गोल्फमध्ये पंच नसतो. तुझे फटके मी मोजून लिहायचे, माझे तू. माझं कार्ड मित्राच्या खिशात, त्याचं माझ्या.

त्याआधी पंधरा दिवस आम्ही कारखान्याच्या मागे रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर चेंडू मारून सराव केला. शिकवणारा मित्रच. गुडघे वाकव, डोकं हलवू नको, चेंडूकडे बघ. मी चेंडूकडे इतकं बघितलं की स्वप्नात चेंडू माझ्याकडे बघायला लागला.

रविवारी पहिला फटका मी असा मारला की काठी घुमली, मी घुमलो, समुद्र एकदा डावीकडून उजवीकडे गेला, आणि चेंडू जिथे होता तिथेच शांत बसून राहिला. दुसऱ्या फटक्याला मातीचं ढेकूळ उडून साहेबांच्या टोपीवर बसलं. गोल्फचा पहिला धडा मला तिथे मिळाला: या खेळात जोर लावला की चेंडू रुसतो. पाचव्या खड्ड्यापर्यंत मी जोर लावणं सोडलं आणि काय आश्चर्य, चेंडू सरळ जायला लागला. दुसरा धडा असा की अठरा खड्डे म्हणजे फार लांबचं प्रकरण आहे. माझ्या नव्या बुटांनी अकराव्या खड्ड्याला माझ्या टाचा खाल्ल्या आणि बाराव्याला त्या पचवल्या.

आणि हो, लबाडीही केली. साहेब आपल्या चेंडूमागे पुढे निघून गेले की आम्ही दोघं मागे एकमेकांकडे बघायचो. चेंडू म्हशीच्या शेणाच्या पोवट्यात रुतला तर बुटाच्या टोकाने हळूच बाहेर. घायपाताच्या मागे अडकला तर हळूच इकडे. माझे तीन वेळा, त्याचे चार वेळा. तेव्हा तो हसायचा, मी हसायचो. कुणाच्या कार्डावर काही लिहिलं गेलं नाही. बारा वर्षांच्या मैत्रीत एवढं चालतं असं मला वाटत होतं.

सहाव्या खड्ड्याच्या उजवीकडे माझ्या मावशीचं खळं. दुसऱ्या फेरीत तोच पंधरावा खड्डा. खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा, शेणाने सारवलेली. त्या दिवशी सबंध खळ्यावर जवळा पसरलेला होता, ते बारीक कोळंबीसारखं असतं ते, गुलाबी चादर घातल्यासारखा. माझा चेंडू हवेत गेला, वाऱ्याने वळला आणि जवळ्याच्या मधोमध जाऊन पडला.

नियम असा की चेंडू पडला तिथून मारायचा. हा नियम बनवणाऱ्यांच्या घरी मासळी कोणी सुकवत नसावं. आमच्याकडे पसरलेल्या मासळीत पायताण घालून जाणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात पाय ठेवणं. त्यात लोखंडी काठी आपटायची, तीही मावशीच्या खळ्यात. मी कडेला उभा राहिलो. साहेब शंभर पावलं पुढे, त्यांची पाठ आमच्याकडे. मित्र माझ्या शेजारी.

तो म्हणाला, “मावशीच्या जवळ्यात काठी मारणार हाईस? उचल आणि बाहेर ठेव. हे काय लबाडीत धरतं कोण?”

पालघरचा माणूस, पण आमच्याकडे आला की आमच्यासारखं बोलायचा.

मी बूट काढले, मोजे काढले, जवळ्याच्या कडेकडेने आत गेलो. मावशी टोपली घेऊन बसली होती. तिने चेंडू उचलून उन्हात धरला.

“कोंबडी नाय नि काय नाय, नि यो अंडा कुठून पडला?”

“मावशे, दे. नोकरीचं काम हाय.”

“रविवारी अंडी मारायची नोकरी?” ती म्हणाली. “धा वेळा मार, पन माज्या जवळ्यात नाय. आनी तो का भायेर उबा? त्याला बोलाव, ताजी मुशी हाय कालवनाला.”

चेंडू तिने पदराने पुसून दिला. मी बाहेर आलो, खळ्याच्या कडेला चेंडू ठेवला, मारला. बूट परत घालताना मला खरंच बरं वाटलं. सबंध डावात ही एक गोष्ट मी कोणी पाहिलं तरी चालेल अशी केली होती.

अठरावा खड्डा झाला. माझे एकशे एकोणचाळीस, त्याचे एकशे एकेचाळीस. या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो, म्हणजे दोन फटक्यांनी मी पुढे. जीपच्या बॉनेटवर साहेबांनी कार्डं मागितली. मी त्याचं दिलं, त्याने माझं. साहेब चष्मा लावून वाचत होते आणि वाचता वाचता थांबले. पंधराव्या खड्ड्याच्या आकड्याशेजारी बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं: चेंडू हाताने उचलला.

साहेबांनी विचारलं, खरं का? मी म्हटलं, खरं. का उचललास? मी खळ्याचं सांगितलं, पायताणाचं सांगितलं, मासळी हे अन्न आहे वगैरे सांगितलं. माझ्या हिंदीत ते सगळं एखाद्या देवळाच्या कथेसारखं ऐकू येत होतं. साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. ते मित्राकडे वळले आणि विचारलं की तू तर यांच्याकडे नेहमी येतोस, इथे खरंच असा काही रिवाज आहे का.

मी निश्चिंत होतो. बारा वर्षांत हा माणूस खळ्याजवळ आला की चपला हातात घ्यायचा. एकदा मावशीच्या जावयाने बूट घालून खळ्यात पाऊल टाकलं तेव्हा तिच्या आधी हाच ओरडला होता.

तो जीपच्या चाकाकडे बघत म्हणाला, “पता नहीं, साब.”

तीन शब्द. मी एवढा बोलणारा माणूस, सबंध वसाहतीत माझ्या गप्पांना लोक घरचं जेवण सोडून यायचे, पण मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. सांगण्यासारखं होतं. उचल असं तोच म्हणाला होता. त्याचे चार ढकललेले चेंडू मला खड्ड्यांच्या नंबरांसकट पाठ होते. पण ते सांगितलं की माझे तीन निघणार. आणि त्याने लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. माझी खरी लबाडी त्याने झाकून ठेवली आणि मी जिथे नीट वागलो तेवढंच नेमकं दाखवून दिलं. असा नेम त्याचा सबंध डावात एकदाही लागला नव्हता.

बुधवारी नोटीस लागली. नवा प्लँट त्याला.

नवापुरात मात्र मी सांगितलं की डाव मीच जिंकलो. फटका कसा मारला, चेंडू समुद्रावरून फिरून कसा परत आला, साहेबांनी कशी टोपी काढली, सगळं रंगवून सांगितलं. खुर्चीचं विचारलं की म्हणायचो, कागद वर गेलेत. आणि रविवारी तो आला. दर रविवारसारखा, बाराच्या ठोक्याला.

मावशीने ताट वाढता वाढता त्यालाच विचारलं, “काय रं, यो सांगतो तो खरा? जिंकला काय यो?”

माझा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

“जिंकला ना, मावशी,” तो म्हणाला, आणि कालवणासाठी वाटी पुढे केली.

तिने आनंदाने दोन तुकडे जास्त वाढले, त्यालाही आणि मलाही. माझ्या बाजूने त्याने दिलेली ती एकच साक्ष, आणि तीही खोटी. मी जेवलो. जेवताना कळलं की मी त्याच्यावर ओरडू शकत नाही, कारण ओरडलो तर मावशीसमोर मीच हरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या प्लँटवरची माझी रात्रपाळी संपली तेव्हा इन्चार्जच्या केबिनमध्ये रिपोर्ट द्यायचा होता. तो आत बसला होता, इस्त्रीचा शर्ट, झोप झालेला चेहरा. मी दारावर टकटक केलं आणि म्हटलं, “साहेब, रिपोर्ट.”

मला वाटलं होतं, तो म्हणेल, अरे साहेब काय म्हणतोस. त्याने हात पुढे केला, कागद घेतला, वाचला आणि सही करून बाजूला ठेवला.

“दार लावून घे जाताना,” तो म्हणाला.

मी दार लावून घेतलं.