आडवी बाटली आणि संथ ढोल

आमच्या गावातल्या बारवाल्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

बार बंद करायचा तर बायकांचं मतदान होतं. बंद हवा त्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. शिराळ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यासाठी मी पहिली सभा घेतली, तर ह्या गड्यानं स्वतःचं ढोलपथक समोर आणून उभं केलं. माझं एक वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. पत्रकं पायाखाली. आणि वर, जाता जाता म्हणाला, "ढोलाचं टिपरू धराय मनगट लागतं, पोरी. लाटणं न्हवं ते!"

ते वाक्य मी जपून ठेवलं.

माझी एक मैत्रीण विट्याची. वडील सोनं गाळायच्या धंद्यापायी परमुलखात, म्हणून ती तिकडच्या कॉलेजात सांबा रेगे शिकून आलेली. ब्राझीलमधल्या काळ्या माणसांनी रस्त्यावर ताठ मानेनं चालत घडवलेला हा ताल. दोन जाड ढोल एकमेकांना सवाल-जवाब करतात, बारके मधल्या जागा भरतात, आणि म्होरकीचा हात वर गेला की सगळे एकदम गप्प. त्या गप्पपणात मला माझी घोषणा घालायची होती.

पाण्याची निळी पिंपं पालथी घालून आम्ही गावातल्या बायका शिकायला लागलो. घोळ एकच. ढोल-ताशावर वाढलेले हात, रंगात आले की पळायचेच.

"अगं, विसर्जनाला निघालाय का?" मैत्रीण ओरडायची.

"हात थांबंना गं," शेजारची काकू म्हणाली. मग तीच बाकीच्यांवर खेकसली, "डोस्क्यावर वैरणीचा भारा हाय समजा अन् चाला! भारा घिऊन कोण पळतंय व्हय?"

तेव्हा ताल बसला.

दुसऱ्या सभेला पथक आलंच. नेहमीसारखं सुटलं, चढत गेलं. आम्ही भारा घेतल्यागत संथ. आमचा ताल दाबायला त्यांना आणखी चढावं लागलं. शेवटी ताशेवाल्याला धाप लागली, ढोल एकमेकांत अडकले, सगळं विसकटलं. मी हात वर केला. चिडीचूप.

"बाटली?"

"आडवी!"

सगळ्यात मोठा आवाज त्या ताशेवाल्याच्या आईचा. बारवाला दारात उभा होता. त्याचं तोंड मी डोळे भरून बघितलं.

मतदान अजून व्हायचंय. परवा त्याचा निरोप आला, यंदा आमच्या गणपतीच्या मिरवणुकीत वाजवा. मैत्रीण म्हणाली, "जाऊ दे गं, सोड आता."

मी उलटा निरोप धाडला, "वाजवू की. तुमच्या बारला कुलूप लागंल त्या दिवशी, तुमच्याच दारात."