आंघोळ घालणारे पाटोळेकाका

श्री. शांतवन पाटोळे यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून नेरूळच्या ख्रिस्ती मंडळीने हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले. पाळकसाहेबांनी त्यात लिहिण्यासाठी मलाही बोलावले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "साहेब, मी तुमच्या मंडळीतला नाही. आम्ही बौद्ध." ते हसले. म्हणाले, "जाधव, आम्ही पाटोळेकाकांना देवळात प्रार्थना करताना पाहतो. तुम्ही त्यांना कामाला भिडलेलं पाहिलंय. ते कोणीतरी लिहायला हवं." म्हणून हे चार शब्द.

माझी आणि त्यांची ओळख नवी मुंबईत, पावणे गावाजवळच्या रबरी गॅस्केटच्या एका कारखान्यात झाली. मी डिस्पॅचला नवीन लागलो होतो आणि ते शिफ्ट सुपरवायझर होते. नगर जिल्ह्यातून आलेले, उंच, थोडे वाकून चालणारे, आवाज कधी न चढवणारे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माल चढवणाऱ्या एका परप्रांतीय कामगाराला भर दुपारी ताप चढला. तो गोदामाच्या दारात कोसळला आणि ओकारीने अंगावरचे कपडे भरले. आम्ही सगळे भोवती उभे राहिलो. कोणी पंखा फिरवून घेतला, कोणी रिक्षा आणायला धावले. पण त्याला हात लावायला कोणी पुढे होईना. तेवढ्यात पाटोळे बादली घेऊन आले. आमचे मॅनेजर म्हणाले, "पाटोळे, तुम्ही कशाला? सफाईवाल्याला बोलावतो ना."

"बोलवा की," पाटोळे म्हणाले, "पण तो येईपर्यंत याने असंच पडून राहायचं का?"

असे म्हणत ते गुडघ्यांवर बसलेही होते. त्या माणसाचे तोंड पुसले, मान पुसली, शर्ट काढला आणि आपल्या लॉकरमधला धुतलेला शर्ट त्याला घातला. हे सारे त्यांनी अगदी सहज, रोजचे काम उरकावे तसे केले. आमच्याकडे मान वर करून पाहिलेही नाही. साहेब माणूस असा जमिनीवर बसलेला मी तोवर पाहिला नव्हता.

पुढे त्यांच्या पत्नी रूथबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या. पाटोळ्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि सीवूड्सच्या घरी त्यांची सेवा स्वतः केली. हॉस्पिटलातल्या एका आयामावशींकडून ते पडल्या माणसाला आंघोळ कशी घालायची, कुशीवर कसे वळवायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे, हे शिकले. रूथबाई गेल्या तेव्हा मी भेटायला गेलो. खुर्चीवर मऊ टॉवेलांची घडी ठेवलेली होती. मला म्हणाले, "जाधव, हातांना सवय लागलीय हो. आता हे हात घेऊन मी काय करू?"

त्याचे उत्तर त्यांना लवकरच मिळाले, आणि ते मिळवून देणाऱ्यांत माझे वडील होते.

आमचे आप्पा मूळचे महाडकडचे. उभे आयुष्य बंदरात अंगमेहनत केली, चळवळीत सभा गाजवल्या. म्हातारपणी कंबरेखालचे बळ गेले आणि शिरवण्याच्या आमच्या घरात ते पडून राहिले. स्वभाव ताठ. मुलाने किंवा सुनेने आपले अंग धुवावे हे त्यांना सहन होईना. आम्ही पाणी आणले की भांडे ढकलून देत. शेवटी पाटोळ्यांना कळले आणि एका शनिवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. खांद्यावर पिशवी. आत शिरताच म्हणाले, "जय भीम, आप्पा."

आप्पांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "तुम्ही ते ख्रिश्चन ना? धर्म बदलायला आलात काय?"

"नाही आप्पा, दाढी करायला आलोय."

आप्पा हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिले. त्या दिवशी फक्त दाढी झाली. पुढच्या खेपेला नखे. मग एके दिवशी पाटोळ्यांनी विचारले, "आप्पा, पाठीला हात लावू का?" आणि आप्पांनी कूस बदलण्यासाठी हात पुढे केला. मी पलीकडच्या बाजूने धरले होते. अंगावर चादर, उघडा फक्त एक हात. तो धुऊन, पुसून, झाकून झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. पाणी आधी आपल्या मनगटावर पाहायचे. आणि बोलत राहायचे. आप्पा बंदरातल्या गमती सांगत, पाटोळे ऐकत. आपल्याला कोणी आंघोळ घालते आहे हे बोलणाऱ्याला विसरायला होई.

एकदा आप्पांनी त्यांना पकडलेच. "तुम्ही मधेच गप्प होता आणि मनात काहीतरी पुटपुटता. काय चालतं ते?"

"तुमच्यासाठी मागतो, आप्पा."

"माझ्यासाठी मागता तर मोठ्यानं मागा. मला कळू तरी द्या काय मागताय."

मग पाटोळ्यांनी ओला टॉवेल हातात तसाच धरून डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, आप्पांना आज गाढ झोप लागू दे. पाठीचा लालसरपणा जाऊ दे. आणि सूनबाईंनी केलेलं माशाचं कालवण त्यांना पचू दे. आमेन." आप्पा म्हणाले, "एवढंच? मग हरकत नाही." त्यानंतर ते दर शनिवारी स्वतःहून आठवण करीत: "पाटोळे, तुमचं ते मागायचं राहिलं." आप्पा शेवटपर्यंत पक्के आंबेडकरवादी राहिले आणि पाटोळ्यांनी त्यांना दुसरे काही होण्यासाठी एक अक्षर सुचवले नाही. आप्पा गेले तेव्हा त्यांचे अंग धुवायला आम्ही दोघे होतो. विहारातल्या मंडळींनी पाटोळ्यांना पुढे बोलावून वंदनेला आमच्यात उभे केले.

मी त्यांना विचारले होते, हे सगळे का करता? त्यांनी हातातल्या टॉवेलाची घडी पुरी केली. मग म्हणाले, "ज्या रात्री आमच्या प्रभूला पकडलं, त्याच संध्याकाळी त्याने काय केलं? कमरेला टॉवेल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. धुळीचे पाय. मला मोठं काही कळत नाही जाधव, पण टॉवेल कळतो."

त्यांची सेवा वाढत गेली. मीही निवृत्त झाल्यावर त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. मग शिरवण्याच्या वनिताताई आल्या. त्या आगरी कुटुंबातल्या. त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा पाटोळ्यांनी त्यांना शिकवली होती, आणि सासूबाई गेल्यावर त्या आमच्यातल्याच झाल्या. बायकांची घरे त्या सांभाळत, पुरुषांची आम्ही. उरणकडचे वयोवृद्ध मुकादमसाहेब मुलाकडे सीवूड्सला पडून होते. शुक्रवारी नमाजाआधी हातपाय धुता येत नाहीत याचे त्यांना फार वाटे. पाटोळ्यांनी त्यांच्या मुलाकडून वुजूचा क्रम समजून घेतला आणि दर शुक्रवारी त्याच क्रमाने त्यांचे हात, तोंड, पाय धुऊन देऊ लागले. कोणी सत्काराचा विषय काढला की मात्र ते पाणी तापवायचे निमित्त काढून स्वयंपाकघरात जात.

यापुढचे लिहू की नको, असे मी त्यांना विचारले होते. म्हणाले, "तेच लिहा. बाकीचं थोडं लिहिलंत तरी चालेल."

गेल्या वर्षी सोसायटीच्या जिन्यात पाय घसरून ते पडले. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन चांगले झाले, पण घरी आल्यावर पलंगावर पडून राहणे आले. त्यांची लेक सारा पुण्याहून आली. तिने एक सेवक ठेवला. काकांनी त्याला गोड बोलून परत पाठवले. मी गेलो तर म्हणाले, "बसा, चहा घ्या." आंघोळीचे काढले की, "मी पुसून घेतो हो. हात चालतात माझे." सारालाही तेच. दिवस जात राहिले. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची तर तिलाही उद्या या म्हणत. जेवण कमी झाले. आवाज बसला. जो माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना खिडकी उघडायचा, त्याने आपल्या खोलीची खिडकी बंद करायला लावली.

एका सकाळी मी त्यांच्याजवळ बसलो आणि मला तो वास आला. पाठीला जखम झाली की येतो तो. हा वास ओळखायला मला त्यांनीच शिकवले होते. मी म्हणालो, "काका, पाठ दाखवा."

"नको."

"काका, जखम झालीय. तुम्हालाही माहीत आहे."

त्यांनी तोंड भिंतीकडे केले. "जाधव, तुम्ही नको. तुम्ही माझ्याबरोबर इतकी वर्षं... मला असं बघू नका."

मी बाहेर आलो. सारा दारातच रडत होती. डॉक्टरांनी तिला सांगितले होते, ताप वाढतोय, असेच चालले तर काका हातातून जातील. मला काही सुचेना. मी वनिताताईंना फोन लावला. त्या तासाभरात आल्या. पायताण काढले, पदर खोचला आणि सरळ काकांच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसल्या.

"काका, एक इचारू? माजे सासूला तुमी पयल्यांदा हात लावला तवा ती रडली व्हती. तिला काय सांगितलाव, आठवतं?"

काका भिंतीकडेच पाहत राहिले.

"मना आठवतं. तुमी बोल्लाव, 'आई, माझ्यावर उपकार करा. मला एवढं करू द्या.' ती म्हातारी कोनाचा ऐकनारी नव्हती, पन तुमच्यावर उपकार कराया लगेच तयार झाली. मंग आता आमच्यावर उपकार कराया तुमाला जड का जातं? सगला पुन्य तुमी एकट्यानीच घ्यायचा काय?"

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होते. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते त्यांनी पुसले नाही. म्हणाले, "त्या संध्याकाळच्या गोष्टीत एक शिष्य होता. म्हणाला, प्रभू, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. मी इतकी वर्षं ती गोष्ट लोकांना सांगितली आणि दर वेळी स्वतःला टॉवेलवाल्याच्या बाजूला उभं केलं. पाय पुढे करणंही तेवढंच अवघड असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही, वनिता."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जाधव, पाणी मनगटावर बघून घ्या."

साराने पाणी तापवले. वनिताताई बाहेर जाऊन बसल्या. मी खिडकी उघडली आणि काकांना आंघोळ घातली. आधी तोंड, मग एक हात, मग दुसरा. पाठ दिसली तेव्हा माझा जीव गलबलला. पण मी बोलत राहिलो. आप्पांची बंदरातली एक गोष्ट सांगायला घेतली आणि मधेच विसरलो, तर ती काकांनीच पुढे सांगितली. नखे कापताना त्यांना झोप लागली.

त्या दुपारी डॉक्टरांना बोलावले. ड्रेसिंग सुरू झाले. आम्ही पाळ्या लावल्या: मी, पाळकसाहेब, मुकादमसाहेबांचा मुलगा. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, गुडघ्यांत उशी ठेवायची. जखम भरायला वेळ लागला, पण भरली. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला काकांनी परत बोलावले. वॉकर धरून ते पहिल्यांदा दारापर्यंत आले तेव्हा सारा जिन्यात उभी राहून सोसायटीभर ऐकू जाईल अशी ओरडली. उन्हाळ्यात ते काठी घेऊन देवळात आले आणि मंडळी उठून उभी राहिली. त्या दिवशी ते कुठे पळाले नाहीत. लोकांनी हात हातात घेतले, घेऊ दिले. हा बदल माझ्या मते त्यांच्या बऱ्या झालेल्या पायापेक्षा मोठा आहे.

आता ते घरोघर फार जाऊ शकत नाहीत. म्हणून त्यांनी एक नवीनच गोष्ट सुरू केली आहे. दर रविवारी उपासनेनंतर देवळाच्या मागच्या खोलीत एक खाट टाकलेली असते. ज्यांना आपल्या घरच्या पडल्या माणसाची सेवा शिकायची आहे ते तिथे येतात. कोणत्याही धर्माचे, कोणत्याही वयाचे. आणि खाटेवर पेशंट म्हणून स्वतः पाटोळेकाका झोपतात. "उशीला आंघोळ घालून काही कळत नाही," ते म्हणतात. "उशी लाजत नाही."

मागच्या रविवारी सीवूड्सचे एक इंजिनिअर गृहस्थ आले होते. आईला पक्षाघात झालेला. काकांना कुशीवर वळवताना ते मधेच थांबले. "सॉरी काका, तुम्हाला लागेल का?"

"घाबरू नका," काका खाटेवरून म्हणाले, "मोडून जोडलेला माणूस आहे मी. जोर नको, नुसता आधार द्या. आणि गप्प का? बोला माझ्याशी. तुमच्या आईंना काय आवडतं?"

"गाणी," ते गृहस्थ म्हणाले.

"मग म्हणा एखादं."

त्यांना गाणे सुचेना. खोलीतल्या कोणीतरी सुरुवात केली, मग ते गृहस्थ गुणगुणू लागले, आणि गुणगुणता गुणगुणता त्यांनी काकांना अलगद कुशीवर वळवले. काका डोळे मिटून म्हणाले, "जमलं. आता आईकडे जा."

पाटोळेकाका, या पंचाहत्तरीला तुमच्यासाठी काय मागावे, असा मी बराच विचार केला. तुम्ही मागता तसे साधेच मागतो. तुम्हाला रोज गाढ झोप लागो. पायांत बळ राहो, जेवण पचो, पाठ निरोगी राहो. साराची मुले तुमच्या डोळ्यांदेखत मोठी होवोत. शंभरीपर्यंत तुम्ही आपल्या पायांनी न्हाणीघरात जाऊन, दार लावून, मनसोक्त आंघोळ करा. आणि ज्या सकाळी ते जमणार नाही, त्या सकाळी नुसती हाक मारा. पाणी तापवायला आम्ही पुष्कळ जण आहोत.