ऋचा या हाकेला

मुंबईच्या विमानतळावर, आत जायच्या दाराशी, बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मिनू, पोचलीस की फोन कर."

शेजारी सासूबाई उभ्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "ऋचा म्हणा हो आता. तुम्हीच सवय लावली नाहीत तर लागायची कशी?"

बाबा नाशिकला शाळेत संस्कृत शिकवायचे. मुलं त्यांना टरकून असत. त्या दिवशी त्यांनी उगाच चष्मा सारखा केला आणि धडा चुकलेल्या मुलासारखं म्हणाले, "बरं. ऋचा, पोचलीस की फोन कर."

मी ट्रॉली ढकलत आत गेले, मागे वळून पाहिलं नाही. मुलगी धीराची आहे, असं नंतर सगळे म्हणाले. पण तो धीर नव्हता. मागे वळले असते तर सासूबाईंना काहीतरी बोलून बसले असते, आणि बोलायची मला सवय नाही. मी गप्प राहते आणि लक्षात ठेवते. तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखेच इकडे आलात, त्या सगळ्यांना मी गोड, शांत मुलगी म्हणून माहीत आहे. हे वाचून झाल्यावर तसं वाटलं नाही तरी चालेल.

लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. नवऱ्याचं नाव ऋषिकेश, म्हणून माझं ऋचा. दारावरच्या पाटीवर जोडी छान दिसते, असं सासूबाईंचं म्हणणं. ऋषिकेश पुढे अमेरिकेत, सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला निघून गेला आणि माझा पासपोर्ट मागाहून नव्या नावाने झाला. मीनल वसंत गोखलेची ऋचा ऋषिकेश पानसे झाली. तीनही शब्द नवे. त्या पासपोर्टात माझं म्हणावं असं फक्त फोटो आणि जन्मतारीख उरली. ऋषिकेशला फोनवर म्हटलं, तर तो म्हणाला, "अगं, पेपरवर्क आहे ते. डोक्याला ताप करून घेऊ नकोस यार."

बाबांनी मात्र ते पेपरवर्क मानलं नाही. दर रविवारी फोन यायचा आणि ते म्हणायचे, "ऋचा, जेवलीस का?" दिलेला शब्द पाळणारा माणूस. त्यांच्या तोंडून ते नाव आलं की मला दरवेळी क्षणभर वाटायचं, बाबा दुसऱ्याच कोणाशी तरी बोलतायत, आपण फोन त्या बाईला द्यायला हवा.

माझा डिपेंडंट व्हिसा होता, म्हणजे नोकरी करायची नाही. अपार्टमेंट तळमजल्यावर. खिडकीतून पार्किंग दिसायचं आणि ऑफिसला निघालेले आपलेच लोक. वीकेंडला मराठी मंडळाचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण. तिथे काकू मंडळी माझ्या मराठीला हसायची, कारण मी 'अडुसष्ट' म्हणताना अडखळायचे. सासूबाई पुण्याहून स्पीकरफोनवर सगळ्यांना सांगायच्या, "इंग्लिश मीडियमची आहे ना, आमटीत मीठ कमी पडलं तरी सॉरी म्हणते." सगळे हसत. मीही हसायचे.

व्हॉलंटियर काम करायला व्हिसाची आडकाठी नव्हती. सिएटलला तलावापलीकडे उत्तर युरोपातून आलेल्या लोकांची जुनी वस्ती आहे. तिथल्या एका हॉलमध्ये दरवर्षी त्यांच्याकडचे सिनेमे दाखवतात. सबटायटल्सचं इंग्रजी तपासायला कोणीतरी हवं, अशी लायब्ररीत पाटी होती. व्याकरण पक्कं करून घेणाऱ्या माझ्या शाळेतल्या नन्सचा तेवढा तरी उपयोग होईल, असं म्हणून मी गेले.

तिथे मला हल्ला भेटली. हे तिचं नाव. आइसलंडची नटी, साठीच्या पुढची, उंच, पांढऱ्या केसांची वेणी. मराठीत हल्ला म्हणजे काय ते मी तिला सांगितलं तेव्हा ती इतकी खूश झाली की त्या आठवड्यात भेटेल त्याला तिने तो अर्थ ऐकवला.

काम असं चालायचं. ती पडद्यावरचं वाक्य ऐकायची, मोडक्यातोडक्या इंग्रजीत मला सांगायची, मी ते दोन ओळींत बसवायचे. मध्येमध्ये ती पडद्यावरच्या माणसांची ओळख करून द्यायची. हा आमच्या थिएटरमध्ये राजा व्हायचा, ही माझी शत्रू, तो दारू पितो पण मरणाचा सीन त्याच्यासारखा कोणी करत नाही. देश एवढासा, त्यामुळे हिवाळाभर नाटकात उभे राहणारेच उन्हाळ्यात सिनेमात दिसायचे. सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने ओळखतात. टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाप्रमाणे लावलेली असते. आडनाव बहुतेकांना नसतंच. मुलीच्या नावापुढे बापाचं किंवा आईचं नाव आणि त्याला 'दोत्तिर' जोडायचं, म्हणजे मुलगी. लग्न झालं तरी ते बदलत नाही. मेली तरी बदलत नाही, हल्ला म्हणाली.

मी म्हटलं, "आमच्याकडे संस्कृतात दुहिता म्हणतात." तिने तो शब्द चार-पाचदा म्हणून पाहिला. मला बाबांचा वर्ग आठवला, आणि विमानतळावरचा त्यांचा चष्मा.

हल्ला अमेरिकन माणसाशी लग्न करून इकडे आली, तेव्हा रेक्याविकच्या थिएटरातला तिचा दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला होता, "तिकडे ही कोणाची तरी मिसेस होणार. नटी संपली." इथे खरंच नाटकाच्या पत्रकात तिचं नाव मिसेस अमुक असं छापून येऊ लागलं. तिने वर्षानुवर्षं दात आवळून ते सहन केलं. मग एका उन्हाळ्यात मायदेशी जाऊन तिने एका सिनेमात छोटं काम केलं आणि तिला त्यांचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. त्या सोहळ्याची टेप तिने मला दाखवली. छोटंसं सभागृह, नट-नट्या एकमेकांना चिमटे काढत बसलेले. हल्ला स्टेजवर उभी राहून एकेकाचं पहिलं नाव घेत आभार मानते. मेकअपवाली, दिवे लावणारा, शाळेतली बाई. दुसऱ्या रांगेत तो दिग्दर्शक. आता आपलं नाव येणार म्हणून त्याने जाकिटाचं बटण लावलेलं दिसतं. हल्ला त्याच्याकडे बघून छान हसते आणि खाली उतरते.

"नाव न घेणं," टेप थांबवून ती म्हणाली. "आमच्याकडे याहून मोठी शिक्षा नाही."

तो बटण लावणारा हात मी तिला पुन्हा दाखवायला लावला.

ज्या सिनेमासाठी तिला पुरस्कार मिळाला, तो पुढच्या वर्षी आमच्या हॉलमध्ये लागायचा होता. सबटायटल्स माझी. शेवटी माझ्या नावाची पाटी येणार होती. हल्लाने विचारलं, काय घालायचं? मी ऋचा पानसे असं टाईप केलं. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "ही कोण? कोणाची मुलगी?"

मी ते खोडलं.

सासू-सासरे तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आमच्या ऋचाचं नाव पडद्यावर येणार, हे सासूबाईंनी मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सिनेमाला त्या पैठणी नेसून आल्या, बरोबर पॉटलकच्या चार काकू. मी काहीच बोलले नाही. सिनेमाभर त्या कुजबुजत होत्या, "हे इंग्लिश आमच्या ऋचाचं बरं का." हे मनापासून होतं, तेही सांगते. त्यांना माझा अभिमान वाटत होता, फक्त तो ऋचाचा होता.

सिनेमा संपला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. इंग्लिश सबटायटल्स: मीनल वसंतदोत्तिर.

नागपूरच्या काकू मोठ्याने म्हणाल्या, "अगं, ही मीनल कोण आता?"

"मी," मी म्हणाले.

"आणि ऋचा?"

"तिने काही केलं नाही, काकू."

काकू हसल्या, मग सासूबाईंचा चेहरा बघून गप्प झाल्या. दिवे लागले. सासूबाईंचा हात पदराच्या टोकाशी होता आणि तो तिथेच राहिला. मला जाकिटाचं बटण आठवलं. वाईट वाटलं का? नाही. मी तो क्षण आजही अधूनमधून काढून बघते.

परत येताना गाडी तलावावरच्या तरंगत्या पुलावर आली. मग सासूबाई म्हणाल्या, "चारचौघांत माझी शोभा केलीस. ऋचा, मी तुझ्याशी बोलतेय."

मी पाण्याकडे बघत होते.

"ऋचा."

ऋषिकेश आरशातून बघत म्हणाला, "ऋचा, आई काय विचारतेय?"

मी ओ दिली नाही. रागाने नाही. खूप सोपं होतं ते. कोणीतरी कोणालातरी हाक मारत होतं, इतकंच. घरी पोचल्यावरही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. ऋचा, चहा टाकतेस का. ऋचा, किल्ली कुठेय. त्या घरात ऋचा नावाचं कोणी राहतच नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी ऋषिकेश स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून घसा खाकरत म्हणाला, "मीनल, चहा करतेस?"

"नाही," मी म्हटलं. "पण ऐकलं."

तो स्वतःच करायला लागला. दोन कप केले.

सिनेमाची डीव्हीडी मी नाशिकला पाठवली होती. रविवार नसतानाच फोन आला.  बाबा म्हणाले, "पोचलं गं. मिनू, पोचलं." आणि लगेच मास्तर होऊन सांगायला लागले, दुहिता आणि तो शब्द मुळात एकच. मी हूं हूं करत राहिले. मला मिनूच्या पुढचं काही ऐकू येत नव्हतं.

सासूबाईंनी मला कोणत्याच नावाने हाक मारायचं सोडून दिलं. 'अगं' एवढ्यावर आमचं भागत होतं. त्यांचे परत जायचे दिवस जवळ आले तेव्हा एकदा सांगलीहून फोन आला. म्हातारा, खणखणीत आवाज. "कुमी आहे का? कुमीला दे गं."

मी राँग नंबर म्हणणार होते. तेवढ्यात सासूबाईंनी धावत येऊन माझ्या हातातून फोन घेतला. "दादा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज परकर-पोलक्यातल्या मुलीचा झाला. पत्रिकेवरचं, पाटीवरचं, सगळ्यांना माहीत असलेलं त्यांचं नाव शालिनी. त्याच्याखाली कुमुद होती.

इथे तुम्हाला वाटेल की मी विरघळले. नाही विरघळले. मला उलट जास्तच राग आला. ज्या बाईचं नाव कोणीतरी तांदळात पुरलं होतं, तिनेच दुसऱ्या मुलीसाठी ताट मांडलं. तिला कळायला हवं होतं. इतर कोणाला नाही कळलं तरी चाललं असतं.

सिएटलच्या विमानतळावर आम्ही त्यांना सोडायला गेलो. सिक्युरिटीच्या रांगेपर्यंतच जाता येतं. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी "सुखी राहा" म्हटलं, नावाशिवाय. सासऱ्यांच्या मागे त्या रांगेत शिरल्या. पुढे माणसं, मागे माणसं, हातात पर्स आणि दोन पासपोर्ट. मी दोरीशी उभी राहून नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "कुमुद, पोचलीस की फोन कर."

ऋषिकेश दचकून माझ्याकडे बघायला लागला. सासूबाईंना एकेरी, आणि तेही नावाने.

त्या गर्रकन वळल्या. "ओ," म्हणाल्या.

त्यांच्याही नकळत ते तोंडून निघून गेलं. मग त्यांना कोणी हाक मारली ते दिसलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मागच्या माणसाने बॅग पुढे ढकलली तेव्हा त्या हलल्या.

पोचल्यावर फोन आला. ऋषिकेश ऑफिसात होता, मीच घेतला.  सासूबाई म्हणाल्या, "मीनल, पोचलो आम्ही." इतकंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

घर कुठलं, असं इथे लोक सारखं विचारतात. पूर्वी मी नाशिक म्हणायचे, मग काही वर्षं बेलव्ह्यू म्हणून पाहिलं. आता विचारलं की सांगते, जिथली हाक ऐकून मान आपोआप वळते ते. तशी घरं माझी दोनच आहेत. एक बाबांच्या रविवारच्या फोनमध्ये. दुसरं कोणतं, ते सासूबाईंना विचारा. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. पण आता त्या हाक मारतात तेव्हा मी ओ देते.