पांढरा पडलेला केक

गल्लीच्या तोंडाशी केकवालीचं दुकान आहे. बाई बोलायला लागली की ऐकणाऱ्याचे पाय दुखायला लागतात, पण तिचे हात तोंडाहून जलद चालतात. तिचा दादा, निवृत्त बसचालक, रोज संध्याकाळी भट्टीशेजारच्या स्टुलावर येऊन बसायचा, केकचा तुकडा खायचा आणि त्याला मनसोक्त नावं ठेवायचा. त्याशिवाय तिचा दिवस मावळत नसे.

मग दादाला मधुमेह निघाला आणि तो येईनासा झाला. वास आला की राहवत नाही, असं त्यानं वहिनीकरवी कळवलं. रिकामं स्टूल केकवाली रोज पुसून ठेवायची. घरात बसून बसून माणूस खचेल, ही एकच धास्ती.

शेवटी तिनं डॉक्टरांना गाठलं. आठवड्यातून एखादा लहानसा तुकडा, तोही बिनसाखरेचा, एवढी सूट पदरात पाडून घेतली. वहिनी चहात टाकायची त्या गोड गोळ्यांची डबी मागून आणली, गोळ्या कुटून पिठात घातल्या, वर हात सैल सोडून आणखी चार, आणि दादाला निरोप धाडला.

दादा आला. तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"आजारी मी आहे," तो म्हणाला, "हा का पांढरा पडलाय?"

खाल्ला तर नुसता कापूस. भट्टीच्या आचेनं गोळ्यांची गोडी पार उडाली होती आणि साखर नाही म्हणून रंगही चढला नव्हता. जन्म भट्टीपुढे काढलेल्या केकवालीनं उरलेला केक ताटाखाली झाकला. दादानं मात्र नावं ठेवत ठेवत तुकडा संपवला.

पुढच्या आठवड्यात तिनं केक मुद्दाम फिकाच भाजला. तो गार झाल्यावर थंड साय फेटली, गोळ्यांची पूड तिच्यात मिसळली आणि वर जाडसर थापली. आचच लागली नाही, तर गोडी जाते कुठे?

दादानं घास जिभेवर घोळवला.

"वर गोड, खाली फिका," तो म्हणाला. "थेट आपली आत्या."

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढचा तुकडा आता आठवड्यानंच, असं तिनं बजावलं.

"तुकडा नको. नावं ठेवायला रोज येईन."

"आणि वासाचं काय?"

"डॉक्टरांना विचारलंय. वासाला पथ्य नाही."

तिनं सायीचं भांडं त्याच्या मांडीवर ठेवलं. फुकट बसायचं नाही, म्हणाली. दादानं आधी भांड्याला नावं ठेवली, मग फेटायला घेतलं.