चादरीवरचे धोंडे

पळसदेवला सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी मला चुलीआधी पाण्याची खूण शिकवली. उजनी धरणाच्या फुगवट्यावर पलीकडच्या काठाला हाक पोचत नाही. म्हणून वारं सुटलं की अलीकडच्या बाईनं काठावर लुगडं अंथरायचं. अंथरलेलं दिसलं की पलीकडच्यानं होडी सोडायची नाही. उचललं की यायचं. "आन् कोपऱ्यावर धोंडं ठिवायचं," हे त्या दर वेळी बजावायच्या. मी पणदऱ्याची, उसातली. मला पाण्याचं कौतुक नव्हतं आणि या धोंड्यांचं तर हसूच यायचं. पापड वाळत घातले तरी सासूबाई कापडाच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायच्या. सासरे माझ्या लग्नाआधीच उजनीत बुडून गेले होते. त्यावर घरात कोणी बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात गावची मंडळी गाडी करून नेपाळात लुंबिनीला निघाली. आम्ही दोघंही निघालो. नवरा इंदापूरला शाळेत भूगोल शिकवायचा, मी त्यांना घरातही मास्तरच म्हणते. लुंबिनीत वंदना झाली, मंडळी परत फिरली आणि मास्तरांनी पुण्याहून उसनी आणलेली सॅक बाहेर काढली. "हितवर आलोय तर डोंगर बघूनच जाऊ." म्हणजे बेत आधीच शिजला होता, मला सांगायचा तेवढा राहिला होता. आमची सोलापुरी चादर काही सॅकमध्ये मावेना, म्हणून ती मी वरून सुतळीनं बांधली. वाटेत भेटलेली गोरी पोरं डोंगर सोडून त्या चादरीचेच फोटो काढत.

तसं सुरुवातीला मी धुसफुसतच चालत होते. पण लाल फुलांनी लगडलेली झाडं, त्यांच्या खोडांवरचं ओलं शेवाळ आणि सकाळी ढगातून उघडी पडणारी बर्फाची शिखरं बघून माझा राग कुठे गेला कळलं नाही.

एका ओढ्याकाठच्या चहाच्या घरात आम्ही मुक्काम केला. ओढ्यापलीकडे वर धबधबा होता. सकाळी पाणी जेमतेम गुडघ्याएवढं. चहावाली बाई मोडक्या हिंदीत म्हणाली, दुपारच्या आत परत या. मास्तरांनी वर बघितलं. "आभाळात ढगाचा ठिपका न्हाय. पाणी कुठनं यायचं?" मलाही ते पटलं. आमच्याकडे ऊन तापलं की पाणी उतरतं, इतकं की बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. माझा गुडघा दुखत होता. मी थांबले आणि मास्तर एकटेच गेले.

दुपारी ओढ्याचा आवाज बदलला. बघता बघता पाणी राखाडी झालं आणि मधले दगड दिसेनासे झाले. वर आभाळ लख्ख निळं! मी चहावालीकडे धावले. तिनं शिखराकडे बोट दाखवलं. उन्हानं बर्फ वितळतं, रोज दुपारी असंच होतं. दरवर्षी पोरांना हेच शिकवणारा माणूस पलीकडे अडकला होता.

उन्हं कलताना मास्तर पलीकडच्या काठावर दिसले. त्यांनी बूट काढून गळ्यात अडकवले, पँट वर दुमडली. पळसदेवच्या माणसाला पोहण्याची घमेंड असतेच, आणि यांना जरा जास्तच. मी घसा फाटेस्तोवर ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. तशी आत पळाले, चादर ओढून आणली आणि काठच्या सपाट खडकावर अंथरली. वाऱ्यानं ती माझ्याच तोंडावर आपटली. तेव्हा सासूबाई आठवल्या. चारी कोपऱ्यांवर धोंडे ठेवले.

मास्तरांचा एक पाय पाण्यात होता. त्यांनी मान वर केली, चादरीकडे बघितलं. मग पाय मागे घेतला आणि एका कपारीत जाऊन बसले. लग्न झाल्यापासून माझं इतक्या मुकाट्यानं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

सकाळी पाणी उतरलं. चहावालीनं मान डोलावली, तरी मी स्वतः काठी घालून बघितलं. धोंडे मी सावकाश, एकेक करून काढले, कारण आता मास्तर माझ्या भरवशावर पाण्यात उतरणार होते. मी चादर उचलली. ते सुखरूप अलीकडे आले, गारठलेले, ओठ निळे पडलेले. मी आधी रडले, मग भांडले. "भूगोल शिकवता नव्हं तुमी?" त्या दिवशी मी जो चहा प्याले तसा पुन्हा कुठे मिळाला नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी ही हकीकत आईला तिखटमीठ लावून सांगितली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कोपऱ्यावर धोंडं ठिवलं हुतंस?"

"व्हय आत्या. चारी कोपऱ्यांवर."

"मी न्हवतं ठिवलं," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं लुगडं उडालं. त्यास्नी वाटलं, मी बोलावलं."

मास्तरांनाही हे ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला. "आला माझा ल्योक," एवढंच म्हणाल्या आणि कितीतरी वेळ मोकळेपणानं रडल्या. मग त्यांनी ती चादर मागून घेतली, धुतली आणि अंगणात वाळत घातली. कोपऱ्यांवर धोंडे मी ठेवले.